तबकडीचा जनक : एमिल बर्लिनर

आमच्या घरच्या माळ्यावर एक चौकोनी लाकडी पेटी कित्येक वर्षे धूळ खात पडली होती. घरात तिला सगळे 'बाजा' म्हणत. पणजोबांनी तो निजामाच्या अमदानीत सोलापूरच्या बाजारात घेतला, बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने येडशीपर्यंत आणला आणि पुढे बैलगाडीत मांडीवर धरून गावी नेला, एवढा इतिहास आजीला तोंडपाठ होता. पोळ्याच्या संध्याकाळी ओसरीवर बाजा लागे आणि निम्मे गाव अंगणात बसे. पुढे रेडिओ आला, मग टेप आली, आणि बाजा माळ्यावर गेला. गेल्या वर्षी जुने घर पाडायचे ठरले तेव्हा भंगारवाला दारात येऊन उभा राहिला. त्याने पेटीचे तीनशे रुपये सांगितले. मी आजीला म्हटले, मी एकदा उघडून पाहतो, नाही जमले तर देऊन टाकू.

दुरुस्तीच्या दुकानात चौकशी केली. सुटे भाग मिळत नाहीत, शोभेला ठेवा, असे उत्तर मिळाले. तेव्हा घरीच स्क्रू-ड्रायव्हर, रॉकेलचा डबा आणि जुनी बनियन घेऊन बसलो. तीन महिने लागले. खर्च म्हणाल तर भंगारवाल्याने सांगितलेल्या किमतीच्या आतच आटोपला. ह्या तीन महिन्यांत यंत्राइतकीच एका माणसाची ओळख झाली, आणि त्या माणसाविषयी आपल्या अंकात लिहावे असे वाटले.

ग्रामोफोनचा शोध कोणी लावला असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकजण एडिसन म्हणून मोकळे होतील. मीही तेच म्हणत होतो. परंतु एडिसनने १८७७ मध्ये जे यंत्र केले ते फोनोग्राफ. त्यात तबकडी नव्हती. लाटण्यासारखा गोल दंडगोल होता आणि त्यावर कथलाचा पातळ पत्रा गुंडाळलेला असे. सपाट तबकडी, तिच्यावरची नागमोडी रेघ, फिरणारी थाळी आणि त्या रेघेतून चालणारी सुई ही सारी मांडणी दुसऱ्याच माणसाची. त्याचे नाव एमिल बर्लिनर.

बर्लिनरचा जन्म २० मे १८५१ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. वडील सॅम्युएल व्यापारी होते आणि धर्मग्रंथांचे अभ्यासक होते; आई सारा हिला संगीताची आवड होती. भावंडे तेरा. एवढा मोठा संसार आणि मिळकत बेताची. त्यामुळे वोल्फेनब्यूटेल येथील शाळेतले शिक्षण चौदाव्या वर्षी संपले, आणि ते शेवटचेच. पुढे आयुष्यात ह्या माणसाने कोणत्याही महाविद्यालयाची पदवी घेतली नाही. प्रथम छापखान्यात हरकाम्या म्हणून आणि नंतर कापडाच्या दुकानात कारकून म्हणून तो राबला. दुकानात ठाण मोजता मोजता हे कापड विणतात कसे, ह्याचा विचार त्याच्या डोक्यात सुरू झाला आणि त्याने स्वतःच्या कल्पनेने मागाचा एक नमुना तयार केला. त्याचा उपयोग कोणी केला नाही, पण मुलाची बुद्धी कोणत्या वाटेने जाणार हे त्यावरून दिसले.

१८६६ मध्ये हॅनोव्हरचे राज्य प्रशियाने गिळंकृत केले. तरुण मुलांना प्रशियाच्या सैन्यात जावे लागणार, हे उघड होते. बर्लिनर घराण्याचे एक स्नेही, नाथन गॉटहेल्फ, अमेरिकेत वॉशिंग्टन येथे कापडाचे दुकान चालवीत. त्यांनी एमिलला आपल्याकडे बोलावले आणि १८७० मध्ये एकोणीस वर्षांचा हा मुलगा जहाजाने अमेरिकेस निघाला.

पुढची सहा वर्षे म्हणजे निव्वळ वणवण आहे. मला त्याच्या चरित्रातला हाच भाग सर्वांत जवळचा वाटतो. तीन वर्षे गॉटहेल्फच्या दुकानात कारकुनी केली. मग न्यूयॉर्कला गेला. तेथे सरस विकला, मोठ्या केलेल्या फोटोंची पार्श्वभूमी रंगवली, जर्मन भाषेच्या शिकवण्या केल्या. मग पुरुषांच्या कपड्यांचा फिरता विक्रेता होऊन मिलवॉकीला गेला, तेही जमले नाही. परत न्यूयॉर्कला आला आणि कॉन्स्टंटाइन फालबर्ग नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत साफसफाईच्या कामावर लागला. (हाच फालबर्ग पुढे सॅकरिनचा शोध लावणारा म्हणून गाजला.) दिवसा दुसऱ्याच्या बाटल्या धुवायच्या आणि रात्री कूपर इन्स्टिट्यूटच्या वाचनालयात जाऊन बसायचे. ही संस्था कष्टकरी माणसांना फुकट शिक्षण मिळावे म्हणून काढलेली होती. विजेचे, ध्वनीचे जे काही ज्ञान बर्लिनरला मिळाले ते ह्या रात्रीच्या वाचनातून. परगावी खोली करून राहणाऱ्या आणि शिकता शिकता दुकानात काम करणाऱ्या आपल्या मित्रांना हे चित्र परके वाटणार नाही.

१८७६ मध्ये तो पुन्हा वॉशिंग्टनला त्याच दुकानात रुजू झाला. ते साल ग्रॅहम बेलच्या टेलिफोनचे. बेलच्या यंत्रात ऐकू बरे येई, परंतु बोलण्याची बाजू दुबळी होती. थोड्या अंतरावर आवाज पार मंदावे. बर्लिनरने आपल्या भाड्याच्या खोलीत वायरी आणि बॅटऱ्या मांडून प्रयोग आरंभिले. एके दिवशी ओळखीच्या एका तारमास्तराने त्याला सहज सांगितले की, लांबच्या गावी तार करताना तारयंत्राची कळ जरा जोराने दाबावी लागते, म्हणजे जास्त वीज जाते. तारमास्तरासाठी ती रोजच्या कामातली साधी गोष्ट होती. बर्लिनरच्या मात्र डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन धातू एकमेकांना सैल टेकलेले असतील आणि आवाजाच्या कंपनाने त्यांच्यावरचा दाब कमीजास्त होत राहिला, तर वीजही त्याच प्रमाणात कमीजास्त होईल. मुलांचा खेळण्यातला ढोल, एक सुई आणि पोशाखाचे पोलादी बटण एवढ्या सामग्रीवर त्याने हे करून पाहिले. त्यानंतरचे यंत्र साबणाच्या लाकडी खोक्यात बसवलेले होते. १४ एप्रिल १८७७ रोजी त्याने आपला दावा पेटंट कचेरीत नोंदवला. पुढे बेल कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले आणि त्याला नोकरीही दिली. मायक्रोफोनच्या श्रेयाबद्दल पुष्कळ वर्षे कोर्टकचेऱ्या चालल्या, एडिसनचाही त्यावर दावा होता. तो सारा इतिहास येथे सांगत बसत नाही. एवढे खरे की, दुकानातल्या कारकुनाचा आता संशोधक झाला आणि हाती थोडा पैसा आला. १८८१ मध्ये त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आणि त्याच वर्षी कोरा ॲडलर हिच्याशी विवाह केला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत नोकरी सोडून तो वॉशिंग्टनला स्वतंत्रपणे प्रयोग करू लागला. प्रयोगशाळा घरातच होती.

आता आमच्या पेटीकडे येतो, कारण बर्लिनरने घरात काय केले ते पेटी उघडल्यावाचून मला नीट कळले नव्हते.

एडिसनच्या यंत्रात सुई खोल-उथळ जाई. आवाजाप्रमाणे खड्डे आणि टेकड्या कोरीत असे. शिवाय ती सुई दंडगोलावर पुढे सरकावी म्हणून एक लांब आटे पाडलेला स्क्रू लागे. बर्लिनरने लिऑन स्कॉट ह्या फ्रेंच माणसाचे १८५७ चे जुने यंत्र अभ्यासले. त्यात आवाजाची नागमोडी रेघ काजळीवर उमटत असे. ती फक्त पाहण्यासाठी, ऐकण्यासाठी नव्हे. बर्लिनरने ही डावी-उजवीकडे वळणारी रेघ उचलली आणि ती सपाट तबकडीवर चक्राकार कोरायचे ठरवले. खोली सर्वत्र सारखी, फक्त वळण वेगळे. ह्याचा एक फायदा असा की, रेघच सुईला कडेने धरून आत आत घेऊन जाते. स्क्रू नको, दात्यांची चाके नकोत. आमच्या बाजाचा हात मी बोटाने हलवून पाहिला तेव्हा ध्यानात आले की तो कशालाच बांधलेला नाही, नुसता खुंटीवर मोकळा फिरतो. आधी मला वाटले, काहीतरी तुटून पडले आहे. दोन दिवस मी न हरवलेला भाग माळ्यावर शोधत होतो!

परंतु ह्याहून मोठा फायदा नकलेचा. दंडगोलाच्या प्रती काढणे फार जिकिरीचे होते. त्या काळी गायकाला एकच गाणे दिवसभर पुन्हा पुन्हा, समोर चार-पाच यंत्रे मांडून, म्हणावे लागे. सपाट तबकडीचा मात्र ठसा घेता येतो, छापखान्यातल्या ब्लॉकसारखा. लहानपणी छापखान्यात राबलेल्या माणसाला हे सुचावे ह्यात मला नवल वाटत नाही. अर्थात हा माझा तर्क आहे. त्याने ग्रामोफोनचे पेटंट १८८७ मध्ये मिळवले. पहिल्या तबकड्या काजळी लावलेल्या काचेच्या होत्या. नंतर त्याने जस्ताचा चकचकीत पत्रा घेतला आणि त्यावर मधमाशीच्या मेणाचा पातळ थर दिला. सुईने मेण खरवडले जाई, मग पत्रा क्रोमिक आम्लात बुडवायचा, म्हणजे जेथे मेण नाही तेथेच जस्त खाल्ले जाई आणि रेघ कोरली जाई. जस्त, मेण, आम्ल. ह्यात महाग असे काहीच नाही. त्या पत्र्यावरून तांब्याचा उलटा ठसा काढायचा आणि त्या ठशाने हव्या तितक्या प्रती दाबून काढायच्या.

१६ मे १८८८ रोजी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्याने हे यंत्र विद्वानांसमोर मांडले. त्या भाषणात त्याने एक गोष्ट सांगितली ती लक्षात घेण्याजोगी आहे. उद्या गायकांच्या आवाजाच्या असंख्य प्रती निघतील आणि प्रत्येक प्रतीमागे गायकाला मानधन मिळेल, असे त्याचे म्हणणे होते. एडिसनच्या डोळ्यांपुढे त्या वेळी मुख्यतः कचेरीत पत्रे सांगण्याचे यंत्र होते. बर्लिनरला घराघरांतले गाणे दिसत होते.

दिसत होते, पण विकत घेणारा कोणी नव्हता. जन्मभूमीत, जर्मनीत, एका खेळण्यांच्या कारखान्याने १८८९ च्या सुमारास हे यंत्र मुलांचे खेळणे म्हणून विकायला काढले. पाच इंचांची तबकडी आणि हाताने फिरवायचा दांडा. मायदेशी परतलेल्या संशोधकाच्या शोधाला खेळण्याच्या दुकानात जागा मिळाली! त्याने तेही पत्करले. १८९४ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सात इंचांच्या तबकड्यांची विक्री सुरू झाली. प्रथम त्या कडक रबराच्या होत्या आणि दाबताना त्यांत खळगे राहत. शेवटी न्यू जर्सीतील बटणे बनवणाऱ्या एका कारखान्याकडे त्याला हवा तो पदार्थ सापडला. तो म्हणजे लाखेपासून केलेले शेलॅक, त्यात मिसळलेली बारीक माती, कापसाचे तंतू आणि काजळी.

ही लाख आली कोठून, तर मुख्यतः हिंदुस्थानातून. पळस, बोर, कुसुम ह्या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जे कवच करतात त्यापासून शेलॅक होते. फाल्गुनात आपल्या बालाघाटच्या डोंगरउतारावर पळस पेटल्यासारखा फुलतो, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. लाखेच्या बांगड्या आपल्या आयाबहिणींच्या हातांत पिढ्यानपिढ्या वाजत आल्या. बांगडी आणि तबकडी एका जातीची. पडली की फुटायची. पणजोबांच्या अठरा तबकड्यांपैकी सातच शाबूत उरल्या आहेत.

हाताने दांडा फिरवण्यात एक मोठी खोट होती. मिनिटाला सुमारे सत्तर फेरे सारख्या गतीने द्यायचे. हात थकला की गायकाचा सूर उतरे, जोर आला की चढे. कॅम्डेन गावात एल्ड्रिज जॉन्सन नावाचा एक यंत्रकार लहानसा कारखाना चालवीत असे. त्याने १८९६ मध्ये स्प्रिंगचे, चावीने भरायचे, स्वस्त आणि सारख्या गतीचे यंत्र तयार करून दिले. तेव्हा कोठे ग्रामोफोन खेळणे राहिला नाही.

आमच्या पेटीतले यंत्र ह्याच वंशातले. त्यात तीन छोटी शिशाची वजने पातळ पट्ट्यांवर बसवलेली आहेत. थाळी जोरात फिरू लागली की वजने बाहेर फेकली जातात, त्यांच्याबरोबर एक चकती सरकते आणि ती चामड्याच्या तुकड्यावर घासून गती आवरते. आमचे चामडे दगडासारखे कडक झाले होते. जुन्या पायताणातला मऊ तुकडा कापून, तेलात भिजवून बसवला. स्प्रिंगच्या डब्यातले ग्रीस डांबर झाले होते. हा डबा उघडताना मित्रांनी फार जपावे. आत कित्येक हात लांबीची पोलादी पट्टी गुंडाळलेली असते आणि ती सुटली तर बोटे कापते. मी आधी चावी पूर्ण उतरू दिली, हातमोजे घातले आणि डबा गोणपाटात गुंडाळून उघडला. साउंडबॉक्स म्हणजे सुईमागची ती वाटोळी डबी. तिच्यात अभ्रकाची चकती असते आणि ती रबराच्या दोन कड्यांमध्ये बसते. रबर वाळून खडखडत होते. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्हट्यूबची नळी आणून तिची कडी केली आणि आवाजातला पत्र्यासारखा खरखराट एका संध्याकाळी गेला. सुया पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाल्या. पोलादी सुई एका बाजूला एक, असा नियम आहे. ती कंजुषी करायची नाही, कारण झिजलेली सुई तबकडी खाते. आणि अशा बाज्यावर नंतरच्या काळातली प्लॅस्टिकची एल.पी. कधी लावू नये. त्या जड डबीखाली तिची रेघ एका फेरीत नासते.

गती तपासायला मी चिठ्ठीचा एक कपटा थाळीच्या कडेला चिकटवला आणि घड्याळ लावून मोजले. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे हवेत. माझे पहिल्या दिवशी एकाहत्तर भरले. आजी म्हणाली, बुवांना सर्दी झाली आहे.

असो. बर्लिनरकडे वळू. १८९५ मध्ये फिलाडेल्फियाला त्याच्या नावाची कंपनी निघाली. त्याच्या कर्तृत्वाचा हा मध्यान्ह म्हटला पाहिजे, आणि घात झाला तो नेमका येथेच. यंत्र आणि तबकड्या विकण्याचे काम फ्रँक सीमन नावाच्या व्यापाऱ्याकडे कराराने दिले होते. नफ्याच्या वाटणीवरून तंटा झाला. सीमनने प्रतिस्पर्धी कंपनीशी हातमिळवणी केली, झोनोफोन नावाचे नक्कल यंत्र बाजारात आणले आणि वर बर्लिनरवरच दावा ठोकला. जून १९०० मध्ये न्यायालयाचा मनाई हुकूम आला. ज्याने ग्रामोफोन निर्माण केला त्यालाच अमेरिकेत ग्रामोफोन विकण्याची बंदी झाली. त्या दिवसापासून अमेरिकेच्या धंद्यातून बर्लिनरचे नाव पुसले गेले. जॉन्सनने धडपड करून धंदा तगवला आणि १९०१ मध्ये व्हिक्टर कंपनी काढली. बर्लिनरचा तीत वाटा होता, पाटीवर नाव मात्र नव्हते. कर्ण्यापुढे कान देऊन बसलेला कुत्रा फ्रान्सिस बरॉड ह्या इंग्रज चित्रकाराचा. ते चिन्ह अमेरिकेत बर्लिनरने नोंदवले आणि नंतर व्हिक्टरकडे गेले. आपल्याकडे तबकडीला कुत्र्याची तबकडी म्हणत. कुत्रा सर्वांना ठाऊक, बर्लिनर कोणालाच नाही.

तो खचून बसला नाही. कॅनडात मॉन्ट्रियल येथे त्याने नवा कारखाना घातला आणि पुढे मुलांनी तो सांभाळला. लंडनला १८९८ मध्येच ग्रामोफोन कंपनी उभी राहिली होती. त्याच वर्षी हॅनोव्हरला भाऊ जोसेफ ह्याच्या साहाय्याने तबकड्या दाबण्याचा कारखाना निघाला. तीच आजची डॉयचे ग्रामोफोन. बर्लिनरच्या हाताखाली तयार झालेला फ्रेड गाइसबर्ग हा तरुण यंत्रे घेऊन देशोदेशी फिरला आणि १९०२ मध्ये कलकत्त्यास उतरला. तेथे त्याने गोहरजानचे गाणे मुद्रित केले. हिंदुस्थानातल्या त्या पहिल्या तबकड्या छापल्या जात हॅनोव्हरला. कलकत्त्याला सियालदह येथे कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. म्हणजे आपल्या झाडांवरची लाख समुद्रापार जायची आणि बर्लिनरच्या जन्मगावी आपल्याच गायिकेचा आवाज अंगावर कोरून घेऊन परत यायची.

ह्या घटनेचा आपल्या संगीतावर काय परिणाम झाला हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांचे गाणे तबकडीवर नाही, म्हणून आज आपण त्यांच्याविषयी केवळ वाचतो. अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले. त्यांना आपण ऐकतो. बालगंधर्वांची नाट्यपदे ज्या खेड्यांत कधी नाटक कंपनीचा तंबू पडला नाही तेथे तबकडीतून पोहोचली. तासभर रंगणारा राग साडेतीन मिनिटांत बसवावा लागला, ही हानीही मान्य केली पाहिजे. आमच्याकडच्या सात तबकड्यांतली एक बालगंधर्वांची आहे. मध्ये तडा आहे, प्रत्येक फेरीला टक् असा आवाज येतो, तरी आजी ती शेवटपर्यंत ऐकते.

बर्लिनरच्या उत्तरायुष्यात ग्रामोफोनपेक्षा निराळेच विषय दिसतात. १९०० च्या सुमारास त्याची तान्ही मुलगी ॲलिस पोटाच्या विकाराने मरणाच्या दारी जाऊन आली. कच्चे दूध हेच कारण असावे असे त्याच्या मनाने घेतले. त्या काळी वॉशिंग्टनमध्ये अर्भकांचे मृत्यू फार होत. १९०१ मध्ये त्याने रोगप्रतिबंधासाठी एक संस्था काढली, वर्तमानपत्रांत दूध तापवूनच द्या अशा सूचना स्वखर्चाने छापून आणल्या, दुधाच्या तपासणीसाठी सरकारदरबारी खेटे घातले आणि मुलांना स्वच्छता शिकवणाऱ्या कवितांचे पुस्तकही लिहिले. आपल्याकडे दूध उकळून पिण्याची रीत आहे म्हणून ह्यात विशेष काय, असे आपल्याला वाटेल. तेथे त्या वेळी ह्यावर वाद झडत होते. १९०८ मध्ये त्याने आईच्या नावाने, सारा बर्लिनर ह्या नावाने, विज्ञानात संशोधन करणाऱ्या स्त्रियांसाठी शिष्यवृत्ती ठेवली. ज्याला स्वतःला चौदाव्या वर्षी शाळा सोडावी लागली त्याने ही शिष्यवृत्ती ठेवली, ही गोष्ट मला ग्रामोफोनइतकीच मोठी वाटते. हेलिकॉप्टरच्या नादातही तो पुष्कळ वर्षे होता. मुलगा हेन्री ह्याने १९२२ ते १९२४ च्या दरम्यान त्यांचे यंत्र जमिनीवरून उचलून दाखवले. सभागृहातला आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लावायच्या फरशाही त्याने शोधून काढल्या.

ज्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटसमोर त्याने १८८८ मध्ये पहिली तबकडी वाजवली, तिनेच १९२९ मध्ये त्याला आपले पदक दिले. त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी वॉशिंग्टन येथे, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्याचे निधन झाले. अठ्ठ्याहत्तर हा आकडा त्याच्या तबकडीचाच, हा योगायोग. आपला अंत्यविधी थाटामाटाने करू नये, असे त्याने आधीच लिहून ठेवले होते.

१९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. ती बारा इंचांची, चक्राकार रेघेची, आणि वाजवण्यासाठी सोबत सुईही दिलेली आहे. तीत गोव्याच्या केरी गावी जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर ह्यांची भैरवी आहे. दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ती दोन्ही याने सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे निघून गेली आहेत.

आमचा बाजा अजून पूर्ण बरा नाही. स्प्रिंगचे एक टोक तुटलेले होते. ते तापवून पुन्हा वळवले त्यात पट्टी हातभर आखूड झाली. त्यामुळे एका भरणीत तबकडीची एक बाजू पुरी होत नाही, पाऊण बाजू झाली की सूर उतरू लागतो. मग आजी मला खूण करते आणि मी गाणे चालू असतानाच उठून चावी देतो.